तिसऱ्या हाकेला

"रिलक्टंट," मी मोठ्याने म्हणाले, आणि अर्थच आठवेना.

"मन मागं ओढणारा," उसातून आवाज आला.

मी जागीच थांबले. निमगाव सावाच्या आमच्या वस्तीकडे जाणारी ती पायवाट, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, सूर्य नुकताच बुडालेला... आणि माझ्याशिवाय कुणी नाही. आमच्याकडे तिन्हीसांजेला उसातून कुणी मुकाट्याने चालत नाही. बिबट्याला माणूस येतोय हे कळावं म्हणून कुणी मोबाईलवर गाणी लावतं, कुणी उगाच भांडल्यासारखं बोलतं. मी इंग्रजी शब्द म्हणायचे, त्यांच्या अर्थासकट. नर्सिंग झालं होतं, परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, आणि बिबट्याइतका शांत श्रोता कुठे मिळणार? तो उत्तर देईल असं मात्र वाटलं नव्हतं.

घरी सांगितलं तर आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"प्राची, उसातून हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची न्हाई. माणूस असंल तर तिसऱ्यांदा मारतंच. जे माणूस नसतं, ते दोनदाच मारतं."

"पन हाक नव्हती गं. अर्थ सांगितला."

"मग तर लईच वाईट," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शहाण्या मुलीने डांबरी रस्ता धरला असता. मी तीच वाट धरली. भीती वाटत होती, पण तो आवाज पुन्हा ऐकायचाही होता.

"व्हिजिलंट," म्हणून मी मुद्दाम थांबले.

पानं सळसळली. मग, अगदी जवळून— "सावध. लई सावध."

"कोन हायेस तू?"

"शब्द इचारा. नाव नका इचारू."

"बाहेर ये की."

"आलो तर भ्याल. नाय आलो तरी भ्यालाच हाय. मग आत काय वाईट?"

मला हसू आलं, आणि हसता हसता अंगावर काटाही. तेव्हापासून तो आवाज रोज आमच्या वस्तीजवळच्या विहिरीपर्यंत माझ्यासोबत यायचा. पावलं कधी वाजायची नाहीत.

मग एका दुपारी उसापलीकडच्या रिकाम्या रानात मेंढरं बसलेली दिसली. एक तरुण मेंढरांभोवती जाळी बांधत कुत्र्याला काहीतरी सांगत होता, आणि तोच आवाज... त्याचं नाव ऋतिक. मला बघून त्याच्या हातातली गाठ सुटली.

"इंग्रजी कुठं शिकलास?" मी विचारलं.

"तुमीच तर रोज म्हनता, दोन्ही भाषांत. तुमी इसरता. मी नाय."

माझे कान गरम झाले. "आनि उसातून कशाला चालतोस?"

"उसातल्या बांधावरनं चालतो." त्याने नजर खाली घातली. "तुमच्या मागं कधीमधी बिबट्या असतो. मी त्याच्या मागं."

"आनि हे मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी बोलत व्हता तवर भ्या नव्हतं. आनि सांगितलं असतं तर... वाट सोडली असती तुमी."

मी वाट सोडली नाही. परीक्षा झाली, पास झाले, तिकीटही निघालं. वेड्यासारखी मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि त्याने मला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. आम्ही जमीनवाले, तो मेंढरांमागे फिरणारा. तो आपण होऊन बोलणार नाही हे मला कळत होतं. पण ते न ऐकता विमानात बसणं मला जमणार नव्हतं.

म्हणून शेवटच्या संध्याकाळी मी तोंड मिटून उसातल्या वाटेवर शिरले; मी गप्प राहिले तर त्याला हाक मारावीच लागेल.

किडे एकदम थांबले. डावीकडे काहीतरी माझ्या चालीने चालू लागलं. मी थांबले, तेही थांबलं.

"प्राची..." कुठूनतरी हाक आली.

मी ओठ घट्ट धरले.

"प्राची." आता जरा मोठ्याने.

मग काहीच नाही. डावीकडे श्वास ऐकू येत होता, जड आणि संथ. तिसरी हाक आली नाही तर तो माणूस नव्हे, किंवा माणूस असून त्याला धीर नाही. दोन्हींत मीच बुडणार होते.

"प्राची—" हाक मध्येच फाटली.

"ओ," मी ओरडले. डावीकडून काहीतरी उडी मारून दूर गेलं.

ऋतिक पहिल्यांदाच उसातून बाहेर आला. हातात काठी, पानांनी गाल कापलेला. "मुकी का चाललीस? मरायचं हाय का तुला?"

'तुमी'ची 'तू' झाले होते मी. "तुझी हाक ऐकायची व्हती. मला तू आवडतोस, ऋतिक."

तो काठी टेकत जवळ आला. मग हळूच म्हणाला, "मला तर पहिल्या शब्दापासून... पन नको जाऊ असं नाय म्हननार. जा. तिकडं बी वाटनं बोलत जा, मला फोन लावून."

"आनि मी यीपर्यंत थांबशील?"

"मेंढरं एका जागी थांबत नाय," तो म्हणाला. "मी थांबंन."

विहिरीपर्यंत आम्ही मोठमोठ्याने बोलत गेलो. मागे उसात पानं सळसळत होती, आणि या वेळी ऋतिक माझ्या शेजारी होता.