एक ठोका म्हणजे थांब

ही गोष्ट माझी आहे. ऐकीव नाही, मैत्रिणीच्या मावशीची नाही. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल हसावं.

आणि हो, रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. ९ जून, रविवार, दुपारचे सव्वाबारा. नोएडात कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या शेडची एक रांग आहे, त्यातली शेवटची शेड. बाहेर लू सुटली होती, भाजून काढणारा वारा. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

पण आधी नोव्हेंबरातलं सांगते. त्याशिवाय काही कळणार नाही.

सुयश माझा मोठा भाऊ, आयटीत आहे. अंशुमन त्याचा मित्र. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची दारं समोरासमोर होती, एकत्रच वाढलो. फेब्रुवारीत माझं आणि अंशूचं लग्न होणार होतं. साखरपुड्याची साडीसुद्धा घेऊन झाली होती.

अंशूच्या वडिलांची, शांताराम काकांची, एक जुनी कॉन्टेसा होती. काका गेल्यावर ती धूळ खात पडली. एवढी जुनी गाडी आता दिल्लीत रस्त्यावर आणता येत नाही. मग या दोघांनी ठरवलं, हिला ड्रॅग रेसची गाडी करायची. सरळ रस्ता, चारशे मीटर, आधी पोचेल तो जिंकला. ट्रेलरवर टाकून न्यायची, पळवायची, परत आणायची.

मोठं इंजिन बसवलं आणि नवंच लफडं झालं. कॉन्टेसाला मागे पाट्याच्या स्प्रिंगा असतात, ट्रकसारख्या. जोरात सोडली की पाटे पिळायचे आणि मागची चाकं जागच्या जागी उड्या मारायची. जिंकणार काय, कपाळ!

त्यावर उपाय म्हणजे ट्रॅक्शन बार. मागच्या अ‍ॅक्सलपासून पुढे चासीपर्यंत, दोन्ही बाजूंना एकेक जाड लोखंडी दांडा. मग पाटे पिळत नाहीत.

"विकत कशाला? घरीच बनवू यार," अंशू म्हणाला.

पानिपतला बंद पडलेल्या एका कापड गिरणीच्या भंगारातून त्याने पाइप आणले. आई लगेच म्हणाली, "पानिपताहून आणलेल्या लोखंडाने आपल्या माणसांचं कधी भलं झालंय का?"

आम्ही सगळे हसलो होतो.

वेल्डिंग अंशूच करायचा. दादा जॅकवर. बार बसवताना गाडी सारखी वर-खाली करावी लागते. वर उचलायची, खाली शिरून टाका मारायचा, बाहेर यायचं, गाडी चाकांवर टेकवून माप घ्यायचं, पुन्हा वर. गाडी इतकी खाली बसवलेली होती, की टेकली की फरशी आणि तिच्यात वीतभरही जागा उरत नसे. खरं तर दर वेळी खाली लोखंडी घोड्या लावायला हव्यात, जॅक सुटला तरी माणूस वाचतो. पण दहा वेळा काढणार आणि लावणार कोण? आळस, दुसरं काय.

काम त्याच नोएडाच्या शेडमध्ये चालायचं, तिथे जनरेटरचा एवढा आवाज, की हाक ऐकू येत नसे. म्हणून अंशूने खूण ठरवली होती. हातोडीने गाडीवर ठोकायचं.

एक ठोका म्हणजे, थांब, मी खाली आहे.

दोन ठोके म्हणजे, बाहेर आलो, सोड.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी थालीपीठं घेऊन गेले होते. रेसची नावनोंदणी त्याच दिवशी बंद होणार होती. दादा घाईत होता, सारखं घड्याळ बघत होता.

ठण्...

एक ठोका पडला. मी डबा उघडत होते, पण मी ऐकला. एकच.

दादाने जॅक सोडला.

पुढचं मी लिहिणार नाही.

दादा पोलिसांना म्हणाला, "दोन ठोके पडले. मी स्वतः ऐकले." त्यांनी माझ्याकडे बघितलं. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी रुतली. घरून चौकीला निघताना ती एवढंच म्हणाली होती, "एक गेला गं. दुसऱ्याला तुरुंगात घालू नकोस."

मी म्हटलं, हो. दोन.

तेराव्याला अंशूची आई, विजया काकू, मला बाजूला घेऊन गेल्या. "मृणाल, तू तिथे होतीस. माझ्या पोराने खरंच दोनदा ठोकलं का गं? सगळे म्हणतात, स्वतःच्या बेफिकिरीने गेला."

"हो, काकू."

काकूंनी मान हलवली. मग कॉन्टेसा त्यांनी दादालाच देऊन टाकली. अंशूची आठवण म्हणून.

आणि दादा ती पळवायला लागला! मार्चमध्ये जिंकला. फोटोखाली लिहिलं, "बार घरी बनवलेले, माझी डिझाइन." तो फोटो बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंशूच्या हातचे टाके होते ते. दादाला साधी वेल्डिंगची तार धरता येत नव्हती.

त्याच रात्री जेवताना...

ठण्.

दादाच्या खुर्चीखालून. लोखंडावर हातोडी पडल्यासारखा. खुर्ची लाकडाची होती.

आईने वर बघितलं नाही. तिला ऐकू आलं नव्हतं. पण दादाचा घास हातातच राहिला.

मग रोज. त्याच्या पलंगाखाली. ऑफिसच्या कॅबमध्ये त्याच्या सीटखाली. दादाने पलंग काढून टाकला आणि फरशीवर गादी टाकली. ठोका फरशीखालून यायला लागला. खालचा फ्लॅट वर्षभर रिकामा आहे, मी जाऊन कुलूप बघून आले.

दर वेळी एकच. दुसऱ्याची वाट बघत आम्ही दोघं कान देऊन बसायचो. दुसरा यायचाच नाही.

एकदा मी विचारलंच, "दादा, कोण आहे ते?"

"पाइपांचा आवाज असेल. वेडी आहेस का?" पण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

खरं सांगू? मला बरं वाटायचं. होऊ दे की झोपेचं खोबरं, असं वाटायचं.

जूनमध्ये डाव्या बारचा पुढचा टाका तडकला. मेकॅनिक त्या गाडीखाली शिरायला तयार होईनात. एकाने तर हातच जोडले, "साहब, नीचे पहले से कोई लेटा है।" असं म्हणून तो गेला, तो पैसे घ्यायलाही आला नाही. दादाने चार व्हिडिओ बघितले आणि ९ तारखेच्या रविवारी टाका स्वतःच मारायचं ठरवलं.

"मृणाल, जॅकवर तू थांब. दुसऱ्या कोणावर भरवसा नाही."

मी थांबले.

"घोड्या लाव आधी," मी म्हटलं. हे मी म्हटलं होतं. लक्षात ठेवा.

"दोन मिनिटांचं काम आहे यार. टाका मारतो, बाहेर येतो, दोनदा ठोकतो, मग सोड."

तो पलीकडच्या बाजूने खाली सरकला. मी मागे, जॅकच्या दांड्यापाशी. मला त्याचे पायसुद्धा दिसत नव्हते. जनरेटर धडधडत होता. ठिणग्यांचा उजेड पडत होता.

मग ठिणग्या थांबल्या.

आणि जनरेटरचा आवाज येईनासा झाला...

बंद पडला नव्हता. दारातून दिसत होता, थरथरत होता, धूर सोडत होता. फक्त आवाज नव्हता. माझा श्वासही मला ऐकू येईना.

ठण्.

मी थांबले.

मी हाक मारायला हवी होती. "दादा, बाहेर आलास का?" एवढंच. तेवढ्या शांततेत त्याला नक्की ऐकू गेलं असतं. मी मारली नाही. मला अंशू आठवत होता. त्याचा तो हात, अर्धी उघडी मूठ.

ठण्...

दुसरा ठोका. स्वच्छ. आईशपथ सांगते, दुसरा ठोका पडला.

मी दांडा फिरवला.

जनरेटरचा आवाज एकदम परत आला. त्यात दादाची किंकाळी होती.

तो वाचला. कमरेखाली काही हलत नाही. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलला, "मी ठोकलंच नव्हतं, मृणाल." अजूनही रोज बोलतो. ओरडत नाही, फक्त माझ्याकडे बघून बोलतो. तेवढंच बोलतो.

मी पोलिसांना सांगितलं, "दोन ठोके पडले. मी स्वतः ऐकले." बोलताना माझ्याच लक्षात आलं, शब्दन् शब्द दादाचाच होता.

पोलिसांनी विचारलं, कशाने ठोकलं? मी म्हटलं, हातोडीने.

हातोडी त्यांना माझ्या पायाशी सापडली. दादाने ती खाली नेलीच नव्हती.

विजया काकू हॉस्पिटलमध्ये आल्या. दादा झोपला होता. आई शेजारी बसली होती. काकूंनी मला विचारलं, "किती ठोके ऐकलेस?"

"दोन."

"आणि माझ्या अंशूच्या वेळी?"

आईने माझा हात धरला. तीच पकड.

"दोनच, काकू."

ठण्...

पलंगाखालून. या वेळी काकूंनीही ऐकला. त्या सावकाश वाकल्या, पलंगाखाली बघितलं. खाली काहीच नव्हतं. उठल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तशाच निघून गेल्या.

तेव्हापासून ठोका दादाकडे येत नाही. तो शांत झोपतो.

आता माझ्याकडे येतो. ऑफिसात, मेट्रोत, स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी असते तिथे, पायाखालून. एकच.

लोक विचारतील, मग काकूंना खरं का सांगत नाहीस? तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. बेल दाबली नाही. सांगितलं तर आईची दोन्ही मुलं गेल्यासारखंच. एक पलंगावर, वर खुनी. आणि मी कोण, ते तुम्हीच ठरवा. म्हणून इथे लिहिलंय. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी एकच ठोका पडला होता. अंशूची काही चूक नव्हती. काकू हे पेज वाचत नाहीत. वाचणाऱ्यांपैकी कोणी त्यांना ओळखत असेल, तर...

आत्ता पडला. लिहिताना. खुर्चीखाली.

एक ठोका म्हणजे थांब. त्याने ठरवलेली खूण आहे, मी मोडणार नाही. थांबलेय.