शब्दखोलीखालची तीन पिंपं

“उडी मारली!” बोयका बाकावरून धाडकन खाली उतरली.

“शिट्टी मारली!” विहरेनने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की खिडकीतली मांजर पळून गेली.

“आता इस्क्रा! ‘मारणे’! चल, लवकर!”

नऊ वर्षांची इस्क्रा गोंधळून उभी राहिली. मग तिने शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या पाठीत एक धपाटा घातला.

“आई गं!” मातेय कळवळला.

“हा तर साधा मार झाला! दुसरं काहीतरी सांग ना,” बोयका म्हणाली. “हाका मारतात, गप्पा मारतात, दांडी मारतात…”

“पण शिट्टीला कशाला मारायचं?” इस्क्रा रडवेली झाली. “तिने काय केलं?”

सगळे खो खो हसले. पण हसायला तोंडं उघडली आणि ती घाण सरळ घशात गेली!

“शी! शी! शी!” सगळ्यांनी घाईघाईने नाकाला कपड्यांचे चिमटे लावले. तुम्हाला वाटेल, मुलं नाटक करत होती. छे! तो काही साधासुधा वास नव्हता. मेलेला उंदीर ओल्या मोज्यात घालून चुलीमागे ठेवला, तर जशी येईल तशी घाण होती ती. ती केसांना चिकटायची, स्वेटरला चिकटायची आणि घरी जेवायला बसलं तरी सोबत यायची.

ब्रेस्तोवो गावच्या वाचनालयात नेद्याल्काबाईंनी ही शब्दखोली थाटली होती. बाई चिठ्ठी काढायच्या, चिठ्ठीवर एकच शब्द असायचा आणि प्रत्येकाने त्याचा वेगळा अर्थ करून दाखवायचा. मग त्या अर्थाचं चित्र काढायचं आणि खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचं. ‘पान’च्या पुठ्ठ्यावर झाडाचं पान होतं, पुस्तकाचं होतं आणि कोबीचंही होतं. अशा पुठ्ठ्यांनी बाईंची पेटी गच्च भरली होती.

इतरांसाठी हा सुट्टीतला खेळ होता, पण इस्क्रासाठी नव्हता. ती आणि मातेय लहानपणापासून स्पेनमध्ये वाढलेले, याच शरद ऋतूत आईबाबांबरोबर गावी परतलेले. मातेय पहिलीतच होता, त्याला काय! पण इस्क्राची जानेवारीत इथल्या भाषेची परीक्षा होती. तिला प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ माहीत असायचा, आणि गोष्ट वाचायला घेतली की दुसऱ्याच ओळीत ती अडकायची. नापास झाली, तर तिसरीऐवजी पहिलीत बसायचं. मातेयच्या शेजारी!

“मी तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवलीय,” मातेय रोज सांगायचा. त्याला तर आनंदच झाला होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि सरपंच प्रोदानकाका आत आले. नाकाला रुमाल, कपाळाला आठ्या.

“बाई, अख्ख्या इमारतीत घाण सुटलीय! ही तुमची खळ कुजलीय, खळ! कणकेची खळ आणि जुने पुठ्ठे! उंदीर मरणार नाहीत तर काय?”

“माझी खळ रोज ताजी असते, प्रोदान,” बाई शांतपणे म्हणाल्या.

“ते मला नका सांगू. परवा संध्याकाळी सभा आहे. खोलीला कुलूप आणि हे पुठ्ठे शेकोटीत! मी ठराव मांडणार!”

ते गेले. बाई पेटी जवळ ओढून बसल्या. इस्क्राचा चेहरा पांढराफटक पडला.

मोठ्या माणसांची मला या बाबतीत भारी किळस येते. कुठे घाण आली, की ती कुठून येतेय हे बघायला कोणी वाकणार नाही. ती कोणाच्या नावावर टाकायची, हे मात्र लगेच ठरतं!

बाई घरी गेल्यावर बोयकाने खळीच्या वाडग्यात सरळ नाक घातलं.

“कणकेचा वास! दुसरं काही नाही!” तिने बोटभर खळ चाटूनसुद्धा दाखवली.

“ए, घाणेरडे!” विहरेन ओरडला.

“घाणेरडी ती घाण, मी नाही! शोधा रे!”

नाकावरचे चिमटे निघाले. कोणी कपाटं हुंगली, कोणी पडदे. इस्क्रा तर जमिनीवर पालथी पडून फळीफळीला नाक लावत निघाली. शेगडीजवळ आली आणि एकदम मागे सरकली.

“इथे! इथे जास्त आहे! खालून येतेय!”

खाली होतं तळघर, आणि तळघराची किल्ली होती वाचनालयाच्या देखरेखीवर असलेल्या स्तामेनकाकांकडे. ते सरपंचांचे मेहुणे. अंगणात लाकडं फोडत होते.

“काका, तळघराची किल्ली द्या ना!”

“कशाला? तिथे कोळसा आहे, दुसरं काही नाही! पळा इथून! नको तिथे नाक खुपसू नका!”

इस्क्राने बोयकाचा हात ओढला. “नाक कशात खुपसायचं म्हणतात ते?”

“म्हणजे दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं,” बोयका डोळे बारीक करून म्हणाली. “आणि आता तर आपण ते खुपसायचंच!”

वाचनालयाच्या मागच्या बाजूला कोळसा ओतायची बुटकी खिडकी होती. तिला कडी नव्हती, नुसती फळी टेकवलेली. मातेयला पहाऱ्यावर ठेवलं. कोणी आलं तर त्याने शिट्टी मारायची होती. आधी विहरेन, मग बोयका, शेवटी इस्क्रा, असे तिघं कोळशाच्या ढिगावर उतरले.

“आई शप्पत!” विहरेनने तोंडावर मफलर दाबला.

वर खोलीत यायची ती घाण काहीच नव्हती. इथे डोळ्यांतून पाणी येत होतं! पायाखालची फरशी बुळबुळीत झाली होती. इस्क्रा घसरली, तिने हात टेकला आणि हात वर केला तेव्हा बोटांना कसलीतरी तार लोंबत होती.

“ई ई ई! काढा! काढा ना हे!”

शेगडीच्या बरोबर खाली भिंतीशी तीन निळी पिंपं उभी होती. एकेकात मातेय उभाच्या उभा मावला असता. विहरेनने काठीने एका पिंपाचं झाकण उचललं.

आत पांढऱ्या बुरशीची जाड साय होती. सायीखाली गुलाबट पाणी, शेंबडासारखं ओढलं जाणारं, आणि त्यात मऊ पडलेले, काळे पडलेले कोबीचे गड्डे. एक बुडबुडा हळूहळू वर आला आणि फुटला.

विहरेन वळला आणि कोपऱ्यात जाऊन ओकला.

“कोबी!” बोयका नाक दाबून म्हणाली. “हिवाळ्याचा आंबवलेला कोबी! कोणीतरी इथे घातलाय आणि विसरलाय!”

विहरेनने तोंड पुसलं. “विसरलाय काय, नासवलाय! आमची आजी कोबी घातला की दिवसाआड खालची तोटी सोडते, मिठाचं पाणी बादलीत घेते आणि वरून परत ओतते. नाही ओतलं की असं होतं. तोटी बघ!”

तोटीवर कोळ्याने जाळं विणलं होतं. जाळ्यात कोळी आरामात बसलेला होता.

“एकदासुद्धा सोडली नाहीये ही,” बोयका म्हणाली. “आणि बाईंच्या खळीला नावं ठेवतात! चला, आत्ता सरपंचांना सांगू!”

“आणि पिंपं त्यांचीच असली तर?” विहरेन म्हणाला. “कोळसाच आहे म्हणून दडपून सांगितलं की नाही स्तामेनकाकांनी? उलट आपल्यावरच टाकतील. आधी मालक शोधायचा.”

तिघं बाहेर आले. मातेय पहाऱ्याच्या जागी बसून कोळशाने भिंतीवर घोडा काढत होता.

“कोणी आलं होतं?”

“माहीत नाही,” मातेय म्हणाला. “घोड्याची शेपटी राहिलीय.”

मालक शोधायची युक्ती बोयकाची. ब्रेस्तोवोत कोबी न घालणारं घर शोधून सापडायचं नाही. कोणाचं पिंप सज्जात, कोणाचं जिन्याखाली. ज्याच्या घरी यंदा पिंप नसेल, त्याचं ते तळघरात!

दुसऱ्या दिवशी ती विहरेनला घेऊन दारोदार फिरली. “काकू, विहरेनचं पोट बिघडलंय. जरा कोबीचं पाणी देता?” यात खोटं काही नव्हतं. त्याचा चेहरा अजून हिरवा होता. सगळ्या काकूंनी पेलाभर पाणी दिलं, आणि समोर उभं राहून त्याला प्यायला लावलं.

“आता एक थेंब जरी मागितलास ना, तर मीच आंबेन,” तो कण्हला.

सरपंचांच्या घरच्या काकू मात्र म्हणाल्या, “अरे बाळा, आमच्याकडे नाही रे. यंदा माझ्या भावाबरोबर एकत्रच घातलाय. तो स्तामेन बघतो सगळं.”

आणि पलीकडच्या गल्लीत स्तामेनकाकांच्या घरच्या काकू म्हणाल्या, “यंदा घरात पसारा नको म्हटलं. तो प्रोदान बघतो सगळं!”

कोपऱ्यावर येताच दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“या काकू म्हणतात तो बघतो…”

“…आणि त्या म्हणतात हा बघतो! कोळ्याशिवाय कोणीच बघत नाही!”

सभेच्या संध्याकाळी वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. सगळ्यांचे रुमाल नाकावर. शाळेच्या मुख्याध्यापिका दोब्रेवाबाईही पहिल्या रांगेत होत्या. नेद्याल्काबाई पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि पेटीवर इस्क्राचा हात होता.

सरपंच उठले. “मंडळी, हा वास तुम्हाला येतोच आहे. खळ, पुठ्ठे, उंदीर! माझा ठराव असा, की…”

“काका, त्याआधी एक आनंदाची बातमी!” बोयका बाकावर चढली. “आपल्या तळघरात तीन बेवारशी पिंपं सापडली आहेत! कोबीने काठोकाठ भरलेली! उद्या नाताळची आदली संध्याकाळ, घरोघरी कोबीच्या पानात भात गुंडाळून सारम्या करायच्या. तर ज्यांना कोबी कमी पडतोय त्यांना आत्ताच वाटून टाकू! विहरेन, जा, पिंप ढकलत आण!”

“हात लावायचा नाही!” सरपंच गरजले.

“खबरदार! आमचं आहे ते!” मागच्या रांगेतून स्तामेनकाकाही उसळले. “माझा कोबी आहे तो, चांगले पन्नास गड्डे!”

आणि मग दोघांनाही कळलं, की आपण काय बोललो.

“तळघरात तर कोळसाच आहे ना, स्तामेन?” नेद्याल्काबाईंनी विचारलं.

“म्हणजे… जागा थंड… घरी सज्जात ऊन येतं…” स्तामेनकाका चाचरले.

“सरकारी तळघर आणि घरचा कोबी!” मागून कोणीतरी ओरडलं.

“अहो पण कोबी चांगला आहे!” सरपंचांनी छाती फुगवली. “स्तामेन एक दिवसाआड पाणी ओततो!”

“मी?” स्तामेनकाकांनी आ वासला. “मी म्हटलं तू ओततोस!”

“मी कशाला ओतेन? किल्ली तुझ्याकडे!”

“पण पिंपं तुझी!”

तेवढ्यात विहरेनने पिंपातल्या कोबीने भरलेली बादली आणून मधोमध ठेवली आणि झाकण काढलं. बाप रे! पुढची रांग मागच्या रांगेवर पडली. खिडक्या फटाफट उघडल्या. एक आजोबा काठी विसरून धावत बाहेर गेले. सरपंच आपल्याच कोबीकडे बघत राहिले आणि त्यांच्या घशातून गुळगुळ आवाज आला.

“शी!” त्यांची बायको म्हणाली. एवढंच म्हणाली, पण सरपंच तेवढ्यानेच खुजे झाले.

“पण पोरांनो, तुम्हाला सापडलं कसं?” दोब्रेवाबाईंनी रुमालाआडून विचारलं.

बोयका बोलणार, तोच इस्क्रा उभी राहिली. कान लाल, मुठी आवळलेल्या.

“मी सांगते! मी जमिनीला नाक लावलं, तर घाण खालून येत होती. स्तामेनकाका म्हणाले नाक खुपसू नका, म्हणून आम्ही खुपसलं. खिडकीतून आत उडी मारली. तळघरात चक्कर मारली. मातेयने शिट्टी मारायची होती, पण तो चित्र काढत बसला. विहरेनने पिंपात डोकावलं आणि… आणि तो ओकला. बोयकाने घरोघरी हाका मारल्या. आणि या दोन काकांनी…” तिने दम घेतला, “या दोन काकांनी पाणी ओतायच्या कामाला दांडी मारली! रोज! आणि शिव्या कोणी खाल्ल्या? आमच्या बाईंनी! हे घाण आहे! कोबीपेक्षा घाण!”

मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या थांबेनात.

“ठराव मीच मांडते,” सरपंचांच्या घरच्या काकू उठल्या. “उद्या सकाळी या दोघांनी फावडी आणि चुना घेऊन तळघर खरवडायचं. आणि सारम्यांसाठी दारोदार जाऊन कोबी मागायचा!”

“आमच्याकडे मिळेल,” विहरेनची आजी म्हणाली, “पण आधी बाईंची माफी मागा.”

सरपंच नेद्याल्काबाईंसमोर आले. टोपी हातात, मान खाली. “बाई, चुकलो. खळीला उगाच नावं ठेवली.”

“उगाच कशी?” बाई म्हणाल्या. “नावं ठेवणे! उद्याच्या खेळाला शब्द दिलात तुम्ही.” आणि त्यांनी पेटी पुन्हा टेबलावर ठेवली. “शाबास, माझ्या पोरांनो! घाण सगळ्यांनाच येत होती, पण वाकून बघितलं ते तुम्ही.”

दोब्रेवाबाई इस्क्राजवळ आल्या. “हे एवढं बोलायला कुठे शिकलीस तू?”

“इथेच. शब्दखोलीत.”

“मग जानेवारीत परीक्षेला येऊ नकोस.”

“का? मी नापास?”

“अगं वेडे! मी आत्ताच तर घेतली. सुट्टी संपली की सरळ तिसरीत येऊन बस.”

बोयकाने आणि विहरेनने इस्क्राला उचललंच. इस्क्रा हसत होती, रडत होती, आणि चिमटा नसतानाही भरभरून श्वास घेत होती. तेवढ्यात सभागृहातल्या शेगडीमागून भोकाड ऐकू आलं. सगळे वळले. मातेय जमिनीवर बसून पाय आपटत होता.

“आता माझ्या शेजारी कोण बसणार? मी तिच्यासाठी बाक साबणाने धुऊन ठेवला होता!”

इस्क्रा खाली उतरली, त्याच्याजवळ बसली आणि आपल्या बाहीने त्याचं नाक पुसलं.