गळक्या व्हॉल्व्हपाशी

प्रेमकथेला पाऊस लागतो म्हणतात. या गोष्टीत पावसाचा थेंबही नाही. आहे तो पाण्याच्या लाइनीचा एक गळका व्हॉल्व्ह. गाव मुखेडहून एसटीने तासाभराच्या वाटेवरचं, नगरपंचायतीचं. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर गावकरी मलाच धारेवर धरतील.

डॉक्टर उज्वला किल्लारीची. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नुकतीच रुजू झालेली. भर वैशाखात स्टँडवरून चालत निघाली, कोंडवाड्याच्या भिंतीला वळसा घातला आणि तिचा पाय सटकन घसरला. चिखल… गावात नळाला आठवड्याने पाणी येत होतं, आणि इथे चिखल? ती पडणार तोच कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"जपून, मॅडम. वैशाखात चिखलात पडायचा मान गावात अजून कुनाला मिळाला न्हाई."

उंच, सावळा, डोळ्यांत मिश्किल हसू. दुसरा हात मात्र पाठीमागे. त्या हातात लोखंडी पाना होता, हे तिने पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

"हात सोडा आता. उभी आहे मी."

"हाव की. म्हनलं, खात्री करून घ्यावी…"

उज्वलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ऊनच तसं आहे, असं तिने स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की तो मल्लिकार्जुन, देगलूरकडचा, कोंडवाड्याचा कंत्राटी रखवालदार. रस्त्यावर मोकाट फिरणारी जनावरं नगरपंचायत तिथे आणून कोंडायची. मालक आला तर घेऊन जायचा, नाही आला तर जनावर तिथेच. उज्वलाने फाटक उघडलं. बरगड्या वर आलेली जनावरं, सावलीला एक गंजका पत्रा, हौदाच्या तळाशी वाळकी पानं. एक गाभण तांबडी गाय भिंतीच्या खिंडारातून मान बाहेर काढून काहीतरी चाटत होती.

"तुम्ही सांभाळता यांना?"

"सांभाळतो म्हनलं तर खोटं व्हईल, मॅडम. राखतो."

"आणि वैरण-पाणी?"

"ते शेषेरावांना इचारा. कंत्राट त्यांचं हाय."

शेषेराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांचा पाण्याचा टँकर कागदावर रोज यायचा. कागदाला तहान लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

उज्वला भिंतीच्या मागे गेली. जमिनीतून वर आलेला व्हॉल्व्ह, त्याचा नट ढिला केलेला, खाली दगडांचं छोटं आळं. लाइनीत साचलेलं पाणी त्यात ठिबकत होतं आणि तांबडी ते जिभेने टिपत होती. कालच्या पान्याचं कोडं उलगडलं.

"सरकारी लाइन ढिली करणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"हाय माहीत. मुक्या जनावराला तहानलेलं ठेवनं काय हाय, ते तुम्ही सांगा."

तिने वळून विचारलं, "तक्रार का नाही केली?"

"केली की. नगरपंचायतीचे साहेब म्हनले, नोकरी जड झाली का रे तुला?"

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी यायला लागली. कधी सलाइन लावायला, कधी जखमा धुवायला, आणि कधी… तिचं तिलाच कळेना. तो सासऱ्याच्या घरचं काम असल्यासारखा मन लावून जनावरं धरायचा आणि सुईपेक्षा तिच्याकडेच जास्त बघायचा.

"मॅडम, तांबडीला सुई तर परवाच दिली. आज कामून आल्या?"

"अशक्त आहे ती."

"मी बी लई अशक्त होऊन राहिलो…"

"तुम्हाला बैलाची सुई द्यावी लागेल."

तो मोकळेपणाने हसला. ती मान वळवून हसली. गडी तिला आवडला होता, आता लपवण्यात काय अर्थ आहे?

पण सुख फार दिवस टिकलं नाही. एके दुपारी शेषेराव स्वतः दवाखान्यात येऊन बसले.

"उद्या नांदेडहून तपासणीला मॅडम येत्यात. कोंडवाड्यात सगळं ठीक हाय, असं तुम्ही लिहून द्यायचं." त्यांनी रुमालाने मान पुसली. "वाकडं लिहिलं तर सगळी जिम्मेदारी रखवालदाराची, बरं का. पोरगं गरीब हाय. त्याच्या पोटावर पाय द्यायचा का न्हाई, तुमचं तुम्ही ठरवा."

ते गेल्यावर उज्वलाने अहवालाचा कोरा कागद पुढे ओढला. खोटं लिहावं तर व्यायला टेकलेली तांबडी जगत नाही. खरं लिहावं तर मल्लिकार्जुन जातो. इकडे आड, तिकडे विहीर.

संध्याकाळी ती गेली तेव्हा हौदाला निळा रंग लागत होता. मल्लिकार्जुन भिंतीमागे आळ्यातला गाळ काढत होता. तिने सगळं सांगितलं.

"काय लिहू?"

"खरं लिहा," तो म्हणाला. "माझ्यासाठी खोटं लिहिलं तर तुमच्या तोंडाकडं मी कसं बघू? अन् आता सवय लागली हो… बघायची."

तिने व्हॉल्व्हखाली ओंजळ धरली. ठिबक, ठिबक.

"नुसतं लिहून भागणार नाही," ती सावकाश म्हणाली. "म्हणतील, नवी पोरगी, हिला काय कळतं. पण जनावरांना खोटं वागता येत नाही. रोज ज्या वेळी पाण्यासाठी सोडता, त्याच वेळी उद्याही सोडा. कुठे जातात ते बाईंना बघू दे."

तो समजला. "मग पाना कुनाचा, हे बी इचारतील."

"हो."

"म्हंजे गेलीच नोकरी."

"मी जबरदस्ती करत नाही. नाही सोडलंत तर रागावणारही नाही. फक्त…" ती रस्त्याकडे वळली. तो पुन्हा गाळ काढू लागला.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला अधिकारी बाई आल्या. हौद काठोकाठ भरलेला, नवी वैरण पसरलेली, जनावरं खुंट्याला बांधलेली. सकाळीच बादल्यांनी पाणी पाजून त्यांचं तोंड गप्प केलेलं. शेषेराव हात जोडून पुढे-पुढे करत होते.

"बघा मॅडम. बारा महिने हौद असाच भरलेला असतो."

बाईंनी समाधानाने मान हलवली, घड्याळ पाहिलं. "डॉक्टर, तुमचा अभिप्राय?"

उज्वलाने पेनाचं टोपण काढलं. नजर मात्र मल्लिकार्जुनवर. तो तांबडीच्या दाव्यावर हात ठेवून उभा होता. शेषेरावांनी डोळे वटारले. तो हलला नाही.  नाही सोडणार. का सोडावं त्याने? कालपर्यंत कोण होतो आपण त्याचे?

"मॅडम, पानी प्यायची वेळ झाली," मल्लिकार्जुन म्हणाला. "जनावरं सोडून राहिलो."

आणि त्याने दावं ओढून सोडलं, मग एकेक करत बाकीचीही.

तांबडी उठली. हौदाशी आली, ताज्या रंगाचा वास लागताच फुरफुरली आणि वळली. थेट भिंतीकडे. खिंडारातून मान बाहेर काढली आणि चाटायला लागली. तिच्यामागे दुसरी गाय, मग म्हातारा बैल, मग वासरं. सगळी त्या खिंडारापाशी ओळीने उभी राहिली. भरलेल्या हौदाकडे एकही गेलं नाही.

बाई बघतच राहिल्या. "हौदावर का जात नाहीत ही?"

"हा हौद हाय, हे त्यांना ठावंच न्हाई, मॅडम. त्यात कधी पानीच बघितलं न्हाई."

बाई भिंतीमागे जाऊन आल्या. आवाज कडक झाला. "व्हॉल्व्ह कुणी ढिला केला?"

मल्लिकार्जुनने खिशातून पाना काढून त्यांच्यापुढे धरला. "मी."

"आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," उज्वला त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "दोघांचीही नावं घ्या. पण आधी त्यांचं घ्या, ज्यांचा टँकर इथे कधी आलाच नाही."

शेषेरावांचं कंत्राट गेलं, चौकशी लागली. कोंडवाड्याला नळ आला, छप्पर आलं. उज्वलाला लेखी ताकीद मिळाली. आणि मल्लिकार्जुनची नोकरी गेली. जाताना त्याने निरोपही घेतला नाही. तिला फार लागलं ते.

व्हॉल्व्ह घट्ट बसला, चिखल वाळला. तांबडीला पांढरी कालवड झाली. हौद बारा महिने नाही, पण रोज भरायला लागला. तरी संध्याकाळ झाली की तांबडी खिंडारात मान घालून तो कोरडा व्हॉल्व्ह एकदा चाटायचीच. उज्वला भिंतीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहून तिचं कपाळ खाजवायची.

एका संध्याकाळी ती वळसा घालून आली, तर तिथे आधीच कुणीतरी उभं होतं. खांद्यावर कडब्याची पेंढी, अंगावर जीपच्या प्रवासाची धूळ.

"देगलूरहून इतक्या लांब… कशाला आलात?"

"तांबडीची कालवड बघायला."

"कालवड आत आहे. फाटक तिकडे."

मल्लिकार्जुनने पेंढी खाली ठेवली. मान खाली घातली, मग वर केली. "जनावराला एकदा जिथं पानी मिळालं, तिथंच ते परत येतं. मी बी तसाच आलो, उज्वला… मॅडम."

"मॅडम कशाला आता? नोकरी तर गेली तुमची."

"हाव. रागावली तर न्हाईस ना?"

"रागावले आहे." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही महिन्याने आलात. मी तर रोजच येऊन राहिले."