भेकराच्या खुरातला चिखल

धोंडाबाई भोरच्या एसटी स्टँडसमोरचा जिना धापा टाकत चढल्या आणि खासगी तपासनीस खुर्शिदा मुलाणीच्या टेबलासमोर बसताच रडायला लागल्या.

"ताई, आमच्या मालकानं उभ्या जन्मात जंगलातली काडी मोडली न्हाई. त्यांच्यावर भेकर मारल्याचा आळ! आता कायम करत्यात का हाकलत्यात?"

त्यांचे मालक कोंडिबा वेल्ह्याच्या डोंगरात रोजंदारीवर वनमजूर. ते आणि त्यांचा सोबती कुंडलिक, दोघांपैकी एकालाच कायम करायचं ठरलं होतं. पहिला हक्क कोंडिबांचा. कायम झाले तर म्हातारपणी पेन्शन, नाहीतर दुसऱ्याच्या बांधावर खुरपं. आणि नेमकं आत्ताच पठारावरच्या पाण्याच्या टाक्यापाशी फाशात मेलेलं भेकर सापडलं, शेजारी कोंडिबांचं घोंगडं!

"घोंगडं त्यांचं, म्हणजे मग..." स्वरूप बोलून गेला. खुर्शिदाचा हा मदतनीस मनाचा सरळ, पण त्याची जीभ डोक्याच्या आधी चालायची.

"स्वरूप, गाडी काढ," खुर्शिदा म्हणाली.

पठारावर कोंडिबा मान खाली घालून पुढं चालत होते. टाकं ठणठणीत कोरडं, तळाला भेगा.

"आदी वैशाखापत्तुर पानी ऱ्हायाचं हितं. आता पाऊस धबाधबा पडतो, मुरत न्हाई. होळीलाच आटलं. जनावरं समदी खाली उतरल्यात."

"घोंगडं कुठं हरवलं, काका?"

"न्हाई आठवत."

खुर्शिदानं वनखात्यानं काढलेला फोटो मोबाईलवर मोठा केला. भेकराच्या खुरांत ओला काळा चिखल, आणि त्यात काहीतरी चकाकत होतं.

"अभ्रक असेल," स्वरूप म्हणाला. तिनं फोटो आणखी मोठा केला.

पायथ्याच्या रिसॉर्टचा मॅनेजर गोरख तोंड वाकडं करूनच भेटला. "म्हाताऱ्यानं आमचा डीजे बंद पाडला, राग आहेच. पण भेकरं आमच्या पोहण्याच्या टाकीवर पाणी प्यायला येतात, पाहुणे खूश होतात. मी कशाला मारू?"

टाकी फरशीची, भोवताली लख्ख. स्वरूपला मात्र हाच चोर वाटला.

कुंडलिकच्या घरामागं टोमॅटो होते. तण येऊ नये म्हणून वाफ्यांवर अंथरलेला चंदेरी प्लास्टिकचा कागद उन्हात चमकत होता, ठिबकनं खालची काळी माती भिजलेली.

"म्हातारा माजा बाप हाय, ताई," कुंडलिकनं डोळे पुसले. "त्यानंच मला कामाला लावलं."

"व्हय की," बायको चहा देत म्हणाली. "मागं ह्यांना हुडहुडी भरली, तवा त्यांनी आंगावरचं घोंगडं काढून दिलं."

"तू आत जा!" कुंडलिक खेकसला.

खुर्शिदानं चहा खाली ठेवला आणि गाडीत बसलेल्या कोंडिबांना नि धोंडाबाईंना बोलावलं.

"भेकर टाक्यापाशी मेलंच नाही. तिथं थेंब नाही, मग खुरांत ओला चिखल कुठला? रिसॉर्टला सगळी फरशी. आणि स्वरूप, ते अभ्रक नव्हे." तिनं वाफ्यावरच्या कागदाची फाटकी कड फोटोशेजारी धरली. "डोंगर आटला, भेकर ह्या टोमॅटोत उतरलं आणि तुम्ही पीक राखायला लावलेल्या फाशात अडकलं. तुमची नोकरी जायची वेळ आली, कुंडलिक. पण घरात कोंडिबांचं घोंगडं होतं. भेकर आणि घोंगडं, दोन्ही वर नेऊन टाकलंत. एका फाशात दोन जीव!"

कुंडलिक वाफ्याच्या कडेला बसला. "एकच जागा व्हती, ताई..."

खुर्शिदानं वनाधिकाऱ्यांना फोन लावला. आळ उतरला, पेन्शन वाचली. तरी कोंडिबांचा चेहरा बघून स्वरूपला भडभडून आलं.

"काका, घोंगडं ह्याच्याकडं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं! मग गप्प का राहिलात?"

"त्यो सोता सांगंल, म्हनून थांबलो."

धोंडाबाईंनी कपाळावर हात मारला. "अन् माजं म्हातारपन कुनाच्या भरवशावर टाकलं व्हतं?"

कोंडिबांनी कुंडलिककडं बोट केलं.

"ह्याच्याच."