वाढत्या अंगाचा फ्रॉक

ब्लू फोर्ड गावच्या मास्तरीणबाईंची चिठ्ठी दोनच ओळींची होती. "एफी डोनेली सप्टेंबरपासून शाळेत आलेली नाही. लवकर या, मला भीती वाटते."

ती वाचताच, येत असल्याचं गावाला कळवून लुएला हार्कनेस निघाली होती. न्यूयॉर्कच्या अनाथाश्रमातून आगगाडीने पश्चिमेला धाडलेल्या मुलांची वर्षाकाठी चौकशी करायची, हे तिचं काम. काम नवं होतं. त्याआधी सात वर्षं ती आश्रमाच्या शिवणखोलीत होती. दोन वर्षांपूर्वी एफीला फ्रॉक तिनेच शिवून दिला होता. फ्रॉक लख्ख आठवत होता. पोरीचा चेहरा काही केल्या आठवेना, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

स्टेशनवर घ्यायला ओबेद स्टॉकवेल आले होते. गावचे दुकानदार, आणि कोणतं मूल कोणाच्या घरी द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख. एफीला ज्यांच्याकडे दिलं होतं, त्या प्रुइटांचं शेत नऊ मैलांवर होतं. नेब्रास्काच्या त्या माळावर वाटेत ना झाड, ना घर.

"एफी कशी आहे? मास्तरीणबाईंनी लिहिलंय, ती शाळेत येत नाही," लुएला घोडागाडीत म्हणाली.

"मजेत असणार. वर्षभरात माझं तिकडे जाणं झालं नाही, बाई. पत्रानेच खुशाली मागवतो." ते हसले. "आमच्या मास्तरीणबाई सशालाही घाबरतात. त्यांचं काय मनावर घेता?"

लुएला हसली नाही. उत्तरेकडून आभाळ भरून येत होतं.

शेतावर मार्था प्रुइट दारातच उभी होती. नवरा गिरणीवर गेलेला. तिच्या मागे आश्रमाचा निळा फ्रॉक घातलेली एक मुलगी होती. लुएलाचा जीव भांड्यात पडला. पोर जिवंत होती.

"नाव काय तुझं?"

"एफी डोनेली."

"वय?"

"अकरा."

"गाडीतून उतरल्यावर कुठे नेलं होतं तुम्हाला?"

"चर्चमध्ये. स्टेजवर उभं केलं. लोकांनी दात बघितले, दंड दाबून बघितले." मुलगी पाठ केल्यासारखं बोलत होती.

"मग शाळेत का जात नाहीस?"

मुलीने मार्थाकडे पाहिलं.

"खोकला होता तिला," मार्था म्हणाली. "नुसती ढास लागायची. बसा ना, कॉफी घ्या."

बसायला जागा कुठे होती? चुलीला खेटून बटाट्याची चार पोती, पलंगाखाली कोबीचे गड्डे. लुएला कशीबशी पाय आवरून बसली. मुलीने कॉफी आणली.

"तुम्हाला काकवी किती घालू, बाई?"

"एकच चमचा."

स्टॉकवेल मार्थाशी हवापाण्याचं बोलत होते. मुलीने त्यांच्या कपात तीन चमचे काकवी घातली, ढवळली आणि कप त्यांच्यासमोर ठेवला.

लुएलाने मुलीला जवळ ओढलं आणि घेर सारखा करण्याचं निमित्त करून फ्रॉकवरून बोटं फिरवली. एक दुमड. दुसरी. तिसरी. तिन्हींवर तिच्याच हातची टीप, जशीच्या तशी.

"मला तळघर बघायचंय," ती म्हणाली.

"तळघरात काय बघायचं?" मार्था म्हणाली. "बटाटे आहेत."

"बटाटे तर इथे आहेत. थंडीच्या तोंडावर तळघर रिकामं करून ते चुलीपाशी कोण ठेवतं? कोंब फुटतील. तिथे जागा कोणासाठी केलीत?"

लुएलाने मुलीच्या फ्रॉकचा घेर पुढे धरला.

"हा फ्रॉक मी शिवलाय. वाढत्या अंगाचा. घेराला तीन दुमडी घालून आम्ही देतो, मूल वाढेल तशी वर्षाला एक उसवायची. नऊ वर्षांच्या एफीला हा बरोबर बसत होता. आज ती अकराची आहे. एकही दुमड उसवलेली नाही, तरी हिच्या अंगावर चपखल बसलाय. ही नऊ वर्षांची आहे. ही एफी नाही."

"आश्रमातली पोरं खुरटतात, बाई," स्टॉकवेल शांतपणे म्हणाले.

"खुरटत असतील. पण काकवी किती, हे हिने मला विचारलं. तुम्हाला नाही विचारलं. वर्षभर इकडे न फिरकलेल्या माणसाला तीन चमचे लागतात, हे हिला कोणी सांगितलं?"

स्टॉकवेलांनी कप खाली ठेवला. "परतीची वाट नऊ मैलांची आहे," ते म्हणाले, "आणि बर्फ येतंय. माझ्याशिवाय तुम्हाला कोण नेणार?"

लुएलाने खिडकीबाहेर पाहिलं. आपण इथून दिसेनाशा झालो तर कोणाला कळणारही नाही, हे तिला स्वच्छ दिसलं.

"मास्तरीणबाईंना पत्राने कळवून आलेय," ती म्हणाली. "चारपर्यंत परतले नाही, तर शेरीफला घेऊन यायचं." साफ खोटं होतं ते. मग ती मुलीपुढे गुडघ्यावर बसली. "खरी एफी कुठे आहे, बाळ?"

मुलीने मान फिरवली. "बाबा," ती स्टॉकवेलांकडे बघत म्हणाली, "आत्या तिला दिवसातून एकदाच जेवायला देते."

"टिली, गप्प बस," स्टॉकवेल म्हणाले, पण त्यांच्या आवाजात आता जोर नव्हता.

"सख्ख्या बहिणीला राबायला पोर हवी होती, ती तुम्ही दिलीत," लुएला म्हणाली. "घरात बसून आश्रमाला खुशालीची पत्रं लिहिलीत. मी येणार म्हणून कळवलं, तेव्हा तिला दडवून स्वतःची मुलगी उभी केलीत. का?"

"मळणीत हात मोडला तिचा," मार्था पुटपुटली. "डॉक्टर समितीवरच आहेत. बोलावलं असतं, तर शाळेऐवजी तिला राबवतो, हे बाहेर आलं असतं."

तळघराचं दार अंगणात होतं, वर गाडीचं चाक टाकलेलं. लुएलाने आणि टिलीने मिळून ते ढकललं. खाली अंधारात एक उंच, हडकुळी मुलगी भिंतीला चिकटून बसली होती. हात चिंधीने फळीला बांधलेला.

"वर ये, एफी. मी आश्रमातून आलेय."

मुलगी आणखी मागे सरकली. "परत स्टेजवर उभं करणार मला?"

एका घरी जमलं नाही, तर पुढच्या गावचं स्टेज. आश्रमाचा नियमच होता तसा.

"मोडक्या हाताची मला कोणी घेणार नाही," एफी म्हणाली. "मी इथेच राहते."

लुएला पायरीवर बसली. नियम मोडून नाही म्हणायचा तिला कसलाही अधिकार नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "आता तुला कोणी निवडायचं नाही. तू माझ्याजवळ राहायचंस."

दिवसातली ही तिची दुसरी थाप होती. ही मात्र खरी करून दाखवावी लागणार होती. एफीचा विश्वास बसला नाही, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तरी तिने दुसरा, धड हात पुढे केला.