एकाच मिनिटातल्या दोन कासविणी

"यामिनीताई, दोन कासविणींनी एकाच दिवशी, एकाच मिनिटाला अंडी घातली, असं होऊ शकतं?"

रविवारची सकाळ होती, मार्चची सव्वीस तारीख, साल २०५१. मी कासव-केंद्राच्या ओट्यावर चहात बिस्किट बुडवत होते. समोर शलाका उभी, हातात यंदाच्या घरट्यांची यादी.

"होऊ शकतं की," मी म्हटलं. "समुद्रात कासविणी काय कमी आहेत?"

"बरं. आणि त्यातली एक माझ्या आजोने स्वतः पाहिली, पण त्या दिवशी आजो कोल्हापुरात होता. असंही होऊ शकतं?"

माझं बिस्किट चहात पडलं. कबूलच करते, ही गोष्ट माझ्या चुकीची आहे. आज मी ती हसत सांगते आहे, कारण एका बारा वर्षांच्या मुलीने ती वेळेत पकडली.

आधी आमच्या माडशेत गावाबद्दल सांगते. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्रकासविणी येतात, वाळूत खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि निघून जातात. पिल्लांचं तोंडसुद्धा बघत नाहीत. मग पिल्लांची काळजी आम्ही घेतो. कोल्हे आणि कुत्री अंडी उकरून खातात, म्हणून प्रत्येक घरट्यावर लोखंडी जाळी ठोकलेली असते. पन्नासएक दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात. त्याआधी, पंचेचाळिसाव्या दिवशी, जाळी काढायची आणि तिथून पुढे रोज पहाटे पहारा द्यायचा. जाळी काढायची राहिली, तर पिल्लं वर येऊन तिच्याखालीच अडकतात आणि ऊन चढलं की वाळून मरतात.

यंदापासून हे काम करते कुर्ली. कुर्ली म्हणजे खेकडा, आणि आमचा रोबोट दिसतो तसाच: सहा पाय, दोन नांग्या, पाठीवर सौरपट्टी. तिचा मेंदू म्हणजे नखाएवढी चिप, म्हणून तिचा प्रोग्रॅम मी 'सी' भाषेत लिहिला. ही भाषा आता ऐंशीच्या घरात आली आहे, पण छोट्या यंत्रांना अजून तीच मानवते. रात्री फिरणारे कासवमित्र घरटं दिसलं की वहीत नोंद करतात. कुर्ली ते पान कॅमेऱ्याने वाचते आणि जाळी कधी काढायची ते ठरवते.

शलाकाचे आजोबा गुणाजी कुबल हे आमचे सगळ्यांत जुने कासवमित्र. खाडीपलीकडची पुळण, म्हणजे तिथला वाळूचा किनारा, एकट्या त्यांची. तिथे दुसरं कुणी फिरकत नाही, आणि यंदा तोवर एकच घरटं मिळालं होतं. वीस फेब्रुवारीला ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे कोल्हापूरला गेले, ते अजून तिथेच होते; दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

मी यादी हातात घेतली. घरटं क्रमांक तीस: २६ फेब्रुवारी, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं. घरटं क्रमांक एकतीस, खाडीपलीकडे, पाहणारे गुणाजी कुबल: २६ फेब्रुवारी, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं.

"एकतीसचं पान कुर्लीला कुणी दाखवलं?"

शलाका पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागली. "मीच. आजोने जाताना दिलं होतं. माझ्या दप्तरात राहिलं. अठ्ठावीसला सापडलं, तेव्हा दाखवलं." मग डोळे भरून आले. "माझ्यामुळे झालं का काय?"

"थांब, आधी पान तर बघू."

पान फाइलमध्ये होतं. गुणाजींचं अक्षर मोत्यासारखं. लिहिलं होतं: 'पौष वद्य पंचमी, पहाटे, भरती चढताना. अंडी ११२.'

"कुर्ले," मी हाक मारली, "हे पान तू वाचलंस?"

"वाचले, ताई," कुर्ली ओट्याशी येऊन म्हणाली. ती नेहमी पुस्तकातल्यासारखं बोलते. "दिवस सव्वीस, महिना एक, वर्ष एकशे एक्कावन्न, तास पाच, मिनिटे बारा."

"महिना एक म्हणजे जानेवारी ना? आणि एकशे एक्कावन्न साल कुठून आलं?" शलाका रडता रडता चिडली. "हिला साधी तारीख वाचता येत नाही!"

"ते मात्र बरोबर आहे," मी म्हटलं. "तुझ्या घरी मिसळणाचा डबा आहे ना? मोठ्या डब्यात छोट्या वाट्या, हळदीची वेगळी, तिखटाची वेगळी. सी भाषेत तारखेसाठी तसाच डबा असतो. त्याला स्ट्रक्चर म्हणतात (वेगवेगळ्या माहितीचे कप्पे एकत्र बांधलेली पेटी). एका वाटीत दिवस, एकीत महिना, एकीत वर्ष, मग तास, मिनिटं, सेकंद. फक्त यात महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. आणि वर्ष मोजतात १९०० पासून पुढे."

"२०५१ वजा १९००," शलाका पुटपुटली. "एकशे एक्कावन्न. बरं. पण डबा कशाला? लिहिलंय तसंच ठेवायचं ना."

"'२६-०२-२०५१' ही यंत्राच्या लेखी नुसती अक्षरांची माळ. तिच्यात पंचेचाळीस दिवस मिळवता येत नाहीत. आकडे वाट्यांमध्ये पडले की मिळवता येतात. माळेतून आकडे काढून वाट्यांत टाकायचं काम करतं 'स्ट्रपटाइम' नावाचं फंक्शन (ठरलेलं काम करून देणारा प्रोग्रॅमचा तुकडा). त्याला आधी एक साचा द्यावा लागतो. मी दिलाय: आधी दिवस, मग आडवी रेघ, महिना, रेघ, वर्ष, मग तास आणि मिनिटं. माळ साच्यात बसली की..."

शलाकाने पानावर बोट ठेवलं. "आजोचं हे कसं बसणार? इथे सुरुवातीला आकडाच नाही."

"नाही बसणार. पहिल्याच अक्षराला ते थांबलं असणार आणि वाट्यांना हात न लावता..."

शलाका माझ्याकडे बघत राहिली. मग तिचेच डोळे मोठे झाले.

"ताई, वाट्या आधी रिकाम्या केल्या होत्या?"

नव्हत्या. मी त्या रिकाम्या केल्याच नव्हत्या. कुर्लीने आधी तीस नंबरचं घरटं वाचलं, वाट्या भरल्या. मग एकतिसाव्याचं पान आलं, ते काही वाचता आलं नाही, आणि कालचीच हळद आजची म्हणून तिने वाढली. दोन कासविणी एकाच मिनिटाला आल्याच नव्हत्या. एकीची वेळ दुसरीच्या नावावर लागली होती.

"फोन लाव आजोबांना," मी म्हटलं.

गुणाजींनी पहिल्याच घंटेला फोन घेतला. "गो शलू, डोळ्याक पट्टी हा, डोक्याक नाय. पौष वद्य पंचमी म्हणजे पौष वद्य पंचमी!"

"आजो, पण तारीख कित्याक नाय लिवलंस?"

"तारखेक दर्याची भरती कळता काय? तिथी सांग, मी तुका भरती सांगतंय. आमी जुनी माणसां तसाच लिवतो." मग ते थबकले. "कित्याक गो? काय झाला?"

शलाकाने उत्तर द्यायच्या आधीच मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली. पौष वद्य पंचमी सापडली. एक फेब्रुवारी.

"कुर्ले, एक फेब्रुवारीत पंचेचाळीस मिळव."

"दिवसाच्या वाटीत शेहेचाळीस झाले," कुर्ली म्हणाली.

"शेहेचाळीस फेब्रुवारी? अशी तारीख असते का?" शलाका म्हणाली.

"नसते. म्हणून आणखी एक फंक्शन आहे, 'एमकेटाइम'. वाटीत मावलं नाही ते पुढच्या वाटीत नीट ओतून देतं आणि वार कुठला तेही स्वतःच भरतं."

"अठरा मार्च, शनिवार," कुर्ली म्हणाली. आणि तिच्या त्याच सपाट आवाजात पुढे म्हणाली, "आज सव्वीस मार्च आहे. आज त्रेपन्नावा दिवस आहे. माझ्या यादीत या घरट्याची जाळी बारा एप्रिलला काढायची आहे."

घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली होती. आम्ही धावत सुटलो.

खाडी ओलांडायला आमची बॅटरीवरची होडी आहे. कुर्ली तळावरून चालत निघाली. होडीत शलाका सूर्याकडे बघत होती. मीही बघत होते. तो रोजच्यापेक्षा भराभर वर येतोय असं वाटत होतं. गेला आठवडाभर कुर्ली रोज पहाटे त्या जाळीजवळून गेली होती आणि थांबली नव्हती, कारण मी तिला थांबायला सांगितलंच नव्हतं. हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

होडी वाळूला लागायच्या आत शलाकाने पाण्यात उडी मारली. मी मागून धापा टाकत पोचले, तेव्हा ती जाळीपाशी गुडघ्यांवर बसली होती. पाठमोरी, अगदी स्थिर. मला पुढे जाऊन बघायचा धीर होईना.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हलतायत."

जाळीच्या एका कोपऱ्यावर मर्यादवेल पसरली होती. तिच्या पानांच्या सावलीत काळसर पिल्लांचा ढीग होता, एकावर एक चढलेला, आणि त्या ढिगातून इवलेसे हात बाहेर येऊन वाळू ओढत होते. त्याच पहाटे वर आली असावीत. सावलीबाहेर तीन पिल्लं पडली होती. ती हलत नव्हती.

कुर्ली पाणी निथळत आली. दोन्ही नांग्यांनी जाळीचे खुंट उपटून तिने ती एका झटक्यात बाजूला केली. मग आम्ही ओल्या गोणपाटाने सावली धरली आणि पिल्लांना लाटांपासून चार हातांवर सोडलं. पाण्यापर्यंत त्यांनी स्वतःच चालत जायचं असतं. शलाका मोजत होती आणि मोजता मोजता रडत होती. एकशे एकवर तिची मोजणी थांबली. शेवटचं पिल्लू दोनदा उलटं पडलं, दोनदा सावरलं आणि मग एका लाटेने त्याला उचलून नेलं.

मी वाळूत बसकण मारली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

फोन अजून चालूच होता, शलाकाच्या खिशात. त्यातून ओरडणं ऐकू आलं. "गो! कासवां जित्ती आसत मां?"

"जित्ती आसत, आजो! एकशे एक!"

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

ती तीन पिल्लं आम्ही मर्यादवेलीखाली पुरली. शलाका वाळूवर हात ठेवून म्हणाली, "मी पान वेळेवर दिलं असतं तर..."

"तर त्याच्या आधी वाचलेल्या घरट्याची तारीख त्याला लागली असती," मी म्हटलं. "तेव्हाही पंधरा-वीस दिवसांचा फरक पडलाच असता, आणि आजोबा तेव्हा इथेच होते म्हणून तुला शंकाही आली नसती. चूक प्रोग्रॅममध्ये राहिलीच असती. ती माझी आहे. वाचायला सांगितलं, पण वाचता आलं का हे मी विचारलंच नाही."

"पण विचारायचं कुणाला?"

"त्या फंक्शनलाच. तेच तर वाईट वाटतंय. स्ट्रपटाइम दर वेळी उत्तर देतं. माळ साच्यात बसली, तर वाचन कुठपर्यंत आलं त्या जागेवर बोट ठेवतं. नाही बसली, तर 'नल' देतं (हाती काही लागलं नाही, असं सांगणारी खूण). त्याने अठ्ठावीस फेब्रुवारीलाच मला सांगितलं होतं, मला हे वाचता येत नाही म्हणून. मी ऐकायची सोयच केली नव्हती. वाटलं, त्यात काय, सगळे तारीखच लिहिणार!"

"म्हणजे कुर्ली शहाणीच होती," शलाका म्हणाली. "तुम्ही तिला बोलू दिलं नाहीत."

मी मान डोलावली.

त्याच दुपारी आम्ही दोघींनी मिळून प्रोग्रॅम सुधारला. एक ओळ वाचण्याआधी सगळ्या वाट्या रिकाम्या करणारी. ती शलाकाने स्वतः टाइप केली. वाचल्यानंतरच्या दोन ओळी 'नल' आलं का ते बघणाऱ्या. आलं, तर डब्याला हात लावायचा नाही, माणसाला हाक मारायची. चार महिने मी ज्यांच्याशिवाय काम रेटलं, त्या अवघ्या तीन ओळी. मग कुर्लीला आम्ही सगळी अठ्ठेचाळीस पानं पुन्हा वाचायला लावली. आणखी कुठे गडबड निघाली नाही, तेव्हा कुठे मी दिवसातला दुसरा चहा प्यायले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गुणाजी परत आले. काळा चष्मा लावून, काठी न घेता, तडक पुळणीवरून केंद्रात. हंगामातलं शेवटचं घरटं त्यांनाच सापडलं होतं. मी त्यांना म्हणणार होते की, बाबा, आता तरी तारीख लिहा. पण त्यांनी वही उघडून कुर्लीसमोर धरलीसुद्धा. 'फाल्गुन वद्य दशमी, पहाटे, सुकती लागताना.' सुकती म्हणजे ओहोटी.

कुर्लीचा कॅमेरा पानावरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. शलाकाने माझा हात घट्ट धरला.

"आजोबा," कुर्ली म्हणाली, "मला हे वाचता आले नाही. हा दिवस कोणता ते आपण मला सांगाल का?"

गुणाजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "हिका आता अक्कल इली," ते म्हणाले. मग काठीवाचून आलेला तो म्हातारा माणूस हळूहळू जमिनीवर मांडी घालून बसला. "बस हंय. पयली तुका तिथी शिकवतंय."

आता त्यांच्यासाठी आम्ही दुसरा साचा बनवतो आहोत, तिथी वाचणारा. ते कठीण आहे, कारण चंद्राचा हिशोब वाट्यांत सहज मावत नाही. पण शलाका मागे लागली आहे. आणि तिने वहीच्या शेवटच्या पानावर एक नोंद करून ठेवली आहे. त्या एकशे एकांतल्या माद्या पंधराएक वर्षांनी अंडी घालायला येतील, तेव्हा वर्षाच्या वाटीत एकशे सहासष्ट असेल. त्या दिवशी पुळणीवर कोण हजर असणार, तेही तिने खाली लिहिलंय: शलाका आणि कुर्ली.