हिवरपेठची शून्यशिळा

ही २०४६ सालची गोष्ट. वर्धेकाठच्या हिवरपेठची कोळसा खाण तेव्हा बंद पडली होती, आणि तिच्यातच उमर घालवलेली माणसं वरच्या जोडघरांत राहत होती. खालची जमीन पोखरलेली. म्हणून भूपहारा उपग्रह आला. घर केसभर हललं तरी त्याला कळे.

कौसल्या ताजणे आणि प्रभावती मत्ते, दोघी भूशास्त्रज्ञ, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत. कॉलेजात पहिला नंबर प्रभेचा, गाजलेले शोधनिबंध प्रभेचे, मोगरासुद्धा आधी तिच्याच कुंपणाला फुलायचा. उपग्रहाच्या मोजणीची शून्यशिळा मात्र कौसल्येने भांडून आपल्या अंगणात बसवली.

"माझ्या घराखाली जमिनीला आधार म्हणून कोळशाचा अख्खा खांब सोडलाय, नकाशा बघा," ती प्रयोगशाळेत म्हणाली. "शिळा म्हणजे शून्य. बाकीच्या घरांची उंची तिच्यावरून मोजायची."

"आणि शिळाच हलली तर?" प्रभेने विचारलं.

"तुझ्या अंगणात असती तर हलली असती!"

चार महिन्यांनी आकडे आले. बावीस घरं अकरा मिलिमीटर वर चढली होती, प्रभेचं फक्त तीन.

"खाणीत पाणी भरलं की जमीन फुगते," कौसल्येने समजावलं. "तुझंच मागं राहिलं वो प्रभे!" त्या दिवशी तिने शिरा केला.

घरात मात्र दार अडकू लागलं. तिने रंधा मारला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. ती लांबी भरून बुजवली. अंगणात ताटाएवढ्या गोलात हरळी पिवळी पडली, नळाला गढूळ पाणी आलं.

"कौसे, ही लक्षणं बरी नाहीत," प्रभा कुंपणावरून म्हणाली. "शिळा तपासू एकदा."

"डोळ्यांत सलते ना तुझ्या?"

खाणीत चाळीस वर्षं काढलेले कौसल्येचे सासरे ओसरीवर बसून ऐकत होते. दुपारी जेवताना कौसल्येने पुन्हा खांबाचं नाव काढलं, तसे ते हसले.

"कोणता खांब वो सूनबाई? खाण सोडताना मागं मागं येत खांबबी काढून घेतो आमी. नकाशावाला तवा कुठं खाली उतरते?"

कौसल्येचा घास हातातच राहिला. शून्यच अकरा खाली गेलं असेल, तर जागेवर असलेलं प्रत्येक घर अकरा वर दिसणार. आणि जे फक्त तीन वर दिसतंय, ते आठ खाली गेलंय.

हे बोलायचं म्हणजे शिळा जाणार. क्षणभर, देवा, गप्प राहावं असंही तिला वाटून गेलं. मग तिने मधली भिंत दोन्ही मुठींनी बडवली.

"प्रभे, बाहेर पड! माझी शिळा खचतेय, तुझं घरही!"

सासऱ्यांना दोघींनी मिळून खाटेसकट रस्त्यापलीकडे नेलं. तासाभरात अंगण शिळेसकट आत गेलं, आणि पाठोपाठ दोन्ही घरं.

सासरे पुढे सहा वर्षं जगले. नवे खाणनकाशे त्यांच्या तोंडून ऐकून काढले गेले. प्रभा नागपूरला लेकीकडे गेली. तिथे तिने या प्रकरणावर निबंध लिहिला आणि पहिलं नाव कौसल्येचं घातलं. कौसल्या वरोऱ्याला स्थायिक झाली. तो निबंध जगभर वाचला गेला, पण तिला मात्र शेवटपर्यंत एकच टोचत राहिलं: मनाचा मोठेपणा दाखवायचा, तर त्यातही पहिला नंबर प्रभेचाच.